सगळ्यांचं मत

फेब्रुवारीतल्या शेवटच्या पालकसभेत तिसरीच्या वर्गातल्या आया मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. पायांत शाळेच्या तपकिरी सपाता, मांडीवर घडी केलेले कोट. ताकेबे सरांनी वर्षभराचं सांगून झाल्यावर खडूचे हात पँटीला पुसले आणि विचारलं, शाळेबद्दल, माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर मोकळेपणानं सांगा.

मग पहिल्या रांगेपासून सुरुवात झाली. पहिली आई उठली, नेहमीच आपले उपकार आहेत म्हणाली, विशेष काही नाही म्हणाली, वाकली आणि बसली. दुसरीनंही तेच केलं. अशी पाळी फिरत फिरत खिडकीपाशी चिझुरु मोरिवाकीकडे आली. तिला खरं तर एक गोष्ट सांगायची होती. गेले कित्येक दिवस ती मनात जुळवत होती, सकाळी घरच्या देवघरात सासऱ्यांच्या तसबिरीपुढे भात ठेवताना एकदा म्हणूनही पाहिली होती. पण उठून उभी राहिली तेव्हा तोंडातून तेच आलं. नेहमीच आपले उपकार आहेत, विशेष काही नाही.

तिचं आयुष्यच तसं होतं. बोलायचं ते पोटात आणि चारचौघांचं ते ओठांवर. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात ती चौदा वर्षं वाफेच्या पेटीशी उभी राहत होती, पण पेटी बदलायची का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, बाकीच्यांना काय वाटतं? नवरा नागोयाला गाड्यांच्या कारखान्यात. महिन्यातून एकदा यायचा, दीड दिवस झोपायचा आणि परत जायचा. घर, मुलगी, सासूची औषधं, गल्लीतल्या कचऱ्याची पाळी, हे सगळं चिझुरुवर. त्यात यंदा वर्गाचं पालक-प्रतिनिधीपणही तिच्याच गळ्यात पडलं होतं. दगड-कागद-कात्री करून ठरवलं, आणि ती नेहमीसारखी पहिल्याच फेरीत हरली.

सभा संपली. आया गारठलेल्या व्हरांड्यातून बाहेर आल्या, सपाता फळीवर ठेवल्या, बूट घातले. आणि सायकलींच्या पत्र्याखाली येऊन थांबल्यावर खरी सभा सुरू झाली.

रिन्तारोच्या आईचं बंदराजवळ केस कापायचं दुकान होतं. दिवसभर आरशात बघून बोलायची सवय, त्यामुळे ती समोरच्याकडे न बघताही सगळ्यांशी बोलू शकायची. पत्र्यावर बर्फाचं पाणी टपटपत होतं. तिनं छत्री झटकली आणि म्हणाली, "आमचा रिन्तारो परवा घरी येऊन सांगतो, आज गणिताच्या तासाला किनाऱ्यावर जाऊन खेकडे मोजले. मी म्हटलं, बरं झालं बाबा. आणि भागाकार कधी? खेकड्यांची लग्नं लागल्यावर?"

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. मग एकातून एक निघत गेलं. पतपेढीत नोकरी करणाऱ्या कोहारूच्या आईनं सांगितलं, की डोंगरापलीकडच्या शाळेतली तिसरी केव्हाच भागाकार संपवून पुढे गेली. कुणी म्हणालं, गृहपाठ म्हणजे आठवड्याला एक कागद, तोही चहा सांडलेला. कुणी म्हणालं, वर्गाचं वार्तापत्र डिसेंबरनंतर आलंच नाही. जेवणाच्या तासाला मुलांनी ताटात टाकलं तरी सर चकार शब्द बोलत नाहीत, उलट स्वतःच ताटात टाकतात, मग मुलांना काय वळण लागणार? साठी उलटली, निवृत्त झाले, तरी शाळेनं पुन्हा ठेवून घेतलंय, माणूस मायाळू आहे, ते नाकारत नाही कुणी, पण चौथीला आता असं चालायचं नाही.

चिझुरु मान हलवत ऐकत होती. ऐकताना मान हलवलीच पाहिजे, नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं आपण भिंतीशी बोलतोय. तिच्या मनात मात्र एकच विचार होता, कारखान्यातून उसनी घेतलेली दोन तासांची रजा संपत आली.

तेवढ्यात रिन्तारोची आई तिच्याकडे वळली. "अहो नागीच्या आई, प्रतिनिधी तुम्ही आहात. मोठ्या बाईंच्या कानावर घालायला हवं नं. चौथीला सर बदलून द्या म्हणावं. कुणा एकीचं म्हणून नको, सगळ्यांचं मत म्हणून सांगा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची होती, आणि घंटा चिझुरुच्या हातात आली होती. ती म्हणाली, बरं.

सायकलवरून कारखान्याकडे जाताना वारा समोरून होता. पेडल मारता मारता तिला दम लागला. वळणावर मुलांना सांभाळणाऱ्या जिझो देवाची छोटी मूर्ती आहे. तिच्या डोक्यावर कुणीतरी विणलेली लाल टोपी भिजून कपाळावर आली होती. चिझुरु उतरली, टोपी सारखी केली, हात जोडले. मागितलं काहीच नाही. काय मागावं तेच तिला सुचेना.

कारण ताकेबे सर गेले तर तिची नागी शाळेत जाईल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

दुसरीत असताना नागीचं पोट दुखू लागलं होतं. आधी सोमवारी, मग रोज. तेव्हाच्या बाई तरुण, शिस्तीच्या, वाईट मुळीच नव्हत्या. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. नागी मुळात चिमणीच्या चोचीनं जेवणारी. बाकीची मुलं बाकं मागे सरकवून केर काढायला लागायची आणि ही त्या धुळीत, गार झालेल्या ताटापुढे मान खाली घालून बसायची. हे चिझुरुला कळेपर्यंत थंडी आली होती. तोवर मुलगी घराच्या उंबऱ्याशी बूट घालून बसे आणि उठत नसे. ओढलं तर उलटी. दवाखान्यात सांगितलं, पोटात काही नाही. सासू म्हणाली, लाड झालेत. नवरा फोनवर म्हणाला, तू बघ काय ते. चिझुरु तिला कारखान्यातल्या विश्रांतीच्या खोलीत चित्रांची पुस्तकं देऊन बसवायची आणि वाफेशी जाऊन उभी राहायची. तिथं डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला कळत नाही, एवढं एक बरं होतं.

तिसरीचं वर्ष सुरू झालं तेव्हा एका संध्याकाळी ताकेबे सर दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, बूट काढायच्या पायरीवरच टेकले. खिशातून बोरासारखी खारवलेली आलुबुखारं काढली, एक स्वतः खाल्लं, एक नागीपुढे धरलं. म्हणाले, "उद्या नुसती जेवायला ये. नाही आवडलं तर टाकून दे ताटात. जेवलीस की घरी जा. शिकायचं काही नाही."

दुसऱ्या दिवशी चिझुरु जेवणाच्या सुट्टीत तिला सायकलवर घालून शाळेत घेऊन गेली आणि दाराच्या काचेतून बघत उभी राहिली. सरांनी सगळ्या वर्गादेखत ताटातल्या अळंब्या एकेक वेचून बाजूला काढल्या. म्हणाले, मला या साठ वर्षांत आवडल्या नाहीत, आता काय आवडणार. मुलं हसली. नागीनं निम्मं ताट खाल्लं आणि निम्मं ठेवून उठली. कुणी काही बोललं नाही.

मग ती जेवणाआधीच्या तासाला जाऊ लागली. मग त्याच्याही आधीच्या. पानं पिवळी पडायच्या सुमाराला ती गल्लीतल्या मुलांच्या रांगेतून सकाळी चालत जाऊ लागली. शुक्रवारी शाळेत घालायचे पांढरे बूट धुवायला घरी आणायची, ते काळेकुट्ट असत. पुढची थंडी येईपर्यंत चिझुरु दर शनिवारी न्हाणीघरात बसून ते मळके बूट घासत होती, आणि बाकीच्या आया ज्या कामाला कंटाळत त्यात तिला देवाचा प्रसाद हातात आल्यासारखं वाटे.

हेच तिला सभेत उठून सांगायचं होतं. आणि आता त्याच ताटात टाकण्यावरून सरांना काढा म्हणायचं, आणि तेही तिनं.

बायकांचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. हीच तर अडचण होती. नागीला सातचा पाढा अजून धड येत नव्हता. वार्तापत्र खरंच आलं नव्हतं. चिझुरुनं ठरवून पाहिलं, की त्या सगळ्या वाईट आहेत, पण तसं वाटेना. त्यांनाही आपापली मुलं होती.

पुढच्या आठवड्यात तिची रस्ता ओलांडण्याच्या जागी पिवळं निशाण धरून उभं राहायची पाळी होती. मुलांची रांग गेली आणि मागून ताकेबे सर आले, गळ्याला पंचा गुंडाळलेला, नाक लाल. चिझुरुनं निशाण आडवं धरलं, गाडी थांबली, सर निम्मा रस्ता ओलांडून परत फिरले आणि तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"माझ्याबद्दल बोलतायत ना?" ते म्हणाले.

चिझुरुनं नजर खाली, निशाणाच्या काठीवर नेली.

"बरोबर आहे त्यांचं. गणितात मी मागे पडलोय. पूर्वी एक मागे राहिला तरी बाकीच्यांना घेऊन पुढे जायचो. आता ते होत नाही माझ्याच्यानं." ते समुद्राकडे बघत होते. "तुम्ही माझ्यासाठी वाईटपणा घेऊ नका. गाव लहान आहे, राहायचंय इथंच."

एवढं बोलून ते गेले. चिझुरु निशाण धरून तशीच उभी राहिली. थांबवलेली गाडी अजून तिथंच होती. शेवटी गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, बाई, जाऊ का मी?

त्या दुपारी ती मुख्याध्यापिका ओगावारा बाईंच्या खोलीत गेली. हाताला माशाचा वास येत होता, म्हणून तिनं हात मांडीखाली घेतले. बाईंनी चहा ओतला. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. वर्षाअखेर म्हणजे मुख्याध्यापकांचा जीव मेटाकुटीला येतो.

चिझुरुनं सगळं नीट सांगितलं. भागाकार, गृहपाठ, वार्तापत्र, ताट, खेकडे. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. चौथीला सर बदलून मिळावेत, असं सगळ्यांचं मत आहे, असं म्हणून ती वाकली. वाकलेली असतानाच तिला कळलं, की आता उठलं की चहा प्यायचा आणि निघायचं, आणि मग संपलं. नागी पुन्हा उंबऱ्याशी बूट घालून बसलेली तिला दिसली. ती तशीच, मान खाली असतानाच बोलली.

"फक्त त्यात मी नाही."

ओगावारा बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"सगळ्यांचं मत आहे. पण मी त्यात नाही. माझ्या मुलीला सर हवेत."

बाईंनी समोरची वही उघडून पुन्हा मिटली. मग म्हणाल्या, मग ते सगळ्यांचं कसं झालं? सगळ्यांचं म्हणून तुम्ही सांगणार आणि सांगणारीच त्यात नाही. मला असं पुढे नेता यायचं नाही. तुम्ही एकेकीला विचारा. ज्यांचं जे मत, ते त्यांच्या नावानं मला सांगा. मग मी ठरवीन.

चिझुरु खोलीबाहेर आली. एक ओझं उतरवायला गेली आणि दुप्पट घेऊन आली. एकेकीला विचारायचं, नावानिशी. असं या गावात कुणी कधी केलं नव्हतं. मत असतं ते सगळ्यांचं, नाव लागलं की त्याचं भांडण होतं.

आठवडाभर ती कारखाना सुटला की सायकल घेऊन फिरली. कुणाच्या दारात, कुणाला दुकानात गाठून, कुणाला फोनवर. आधी कोहारूच्या आईकडे गेली. पतपेढीच्या मागच्या दारापाशी उभं राहून ती म्हणाली, तिचं स्वतःचं तसं काही नाही. गृहपाठ थोडा वाढावा एवढंच. सर बदलावेत म्हणजे, ते बाकीच्यांना फार वाटतंय म्हणून. कोहारूला तर सर फार आवडतात. "माझं नाव नका घेऊ त्यात, बाकीच्यांचं घ्या की."

बाकीच्यांकडे गेली. कुणी म्हणालं, आमची काही तक्रार नाही हो, पण रिन्तारोच्या आईनं एवढं मनावर घेतलंय. कुणी म्हणालं, कोहारूची आई पतपेढीत आहे, तिला आकडे कळतात, ती म्हणतेय तर असेल. एका बापानं दार उघडलं, सरांचं नावच त्याला माहीत नव्हतं. तरी म्हणाला, सगळे म्हणतायत तर असेलच. गृहपाठापुरतं नाव द्यायला सात-आठ जणी तयार होत्या, पण सरांचं निघालं की प्रत्येक दारात तीच गोष्ट. प्रत्येकीची बंदूक दुसरीच्या खांद्यावर.

शेवटी ती केस कापायच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. रिन्तारोची आई खुर्चीच्या पायाशी पडलेले केस झाडत होती. चिझुरुनं विचारलं, तेव्हा झाडणं थांबलं नाही.

"मी काय, आयांचं ऐकून बोलले," ती म्हणाली. "इथं येऊन बसतात नं सगळ्या, कुरकुर करतात. मला वाटलं कुणीतरी बोलायला हवं. माझा रिन्तारो म्हणाल तर, रविवारीसुद्धा शाळेत जातो म्हणतो." मग तिनं केराची सुपली भिंतीला टेकवून ठेवली आणि आरशात चिझुरुकडे बघितलं. "तुम्ही मोठ्या बाईंना सांगितलंत म्हणे, त्यात मी नाही म्हणून."

"हो."

"मग त्या दिवशी पत्र्याखाली कशाला मान हलवत होतात?"

चिझुरु म्हणाली, चुकलंच माझं. रिन्तारोच्या आईनं, गृहपाठ वाढवण्यासाठी माझं नाव खुशाल घाला, असं सांगितलं, आणि पुन्हा झाडायला लागली. चिझुरु निघाली तेव्हा नेहमीसारखं दारापर्यंत सोडायला ती आली नाही.

घरी येऊन चिझुरु न्हाणीघराच्या पायरीवर बसली. सासूनं आतून विचारलं, जेवायचं काय? ती आलेच म्हणाली, पण उठली नाही. आठवडाभर वाऱ्यातून फिरून तिनं जे मत शोधलं होतं, ते कुणाचंच नव्हतं. इतक्या जणी त्या पत्र्याखाली उभ्या होत्या, आणि एकीलाही सर नकोसे नव्हते, तरी सर जवळजवळ गेले होते. याचं हसू यावं की रडू, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती नुसतीच बसून राहिली.

ओगावारा बाईंना तिनं सांगितलं, की गृहपाठ आणि भागाकार हे सात-आठ जणींचं मत आहे, नावं घालायला त्या तयार आहेत. वार्तापत्र यावं, असंही आहे. सर बदला, हे कुणाचं नाही. बाईंनी मान हलवली, त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दरवर्षी असंच येतं, त्या म्हणाल्या, फक्त परत विचारायला कुणी जात नाही. मीही पाठवत नाही, कुणाला पाठवणार? काय ठरवणार हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगायची रीतही नव्हती.

मार्च सरला. शाळेच्या फाटकापाशी बायका भेटत, वाकत, हवा गरम व्हायला लागली म्हणत. त्यांच्या गप्पांत चिझुरु आली की गप्पा हवेवर येऊन थांबत. कुणी वाकडं बोललं नाही. वाकडं कुणी बोलणारही नव्हतं. ती कारखान्यातून घरी, घरून कारखान्यात, आणि रात्री देवघरातली घंटा वाजवून हात जोडायची तेव्हा मनात म्हणायची, माझ्यामुळे कुणाचं वाईट न होवो. यापलीकडे मागायचं धाडस तिला होत नव्हतं.

एप्रिलमध्ये नवं शालेय वर्ष सुरू होतं त्या दिवशी शाळेच्या मोठ्या सभागृहात मुलांना वर्गशिक्षक कोण ते सांगतात. आया घरी थांबून वाट बघतात. चिझुरुला रजा मिळाली नव्हती. ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा नागी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, दप्तर पायाशी, पुढ्यात कागद. चिझुरुनं कोट काढला, हात धुतले, भात लावला. विचारायचं धैर्य होईना. भात लावून झाल्यावर करायला काही उरलं नाही, तेव्हा तिनं पाठमोरीच उभं राहून विचारलं, कोण आलं?

"ताकेबे सरच," नागी म्हणाली.

चिझुरुनं ओट्याची कड धरली. देवा, एवढंच तिच्या मनात आलं. पुढचं काही आलं नाही.

नागीचं मात्र तोंड उतरलेलं होतं. तिनं कागद पुढे ढकलला. त्यावर भागाकार होते, वरपासून खालपर्यंत. "आणि उद्यापासून रोज असे दोन. सर म्हणाले, पालकांचं म्हणणं आहे म्हणून. पूर्वी नव्हतं असं. सरांना कुणी सांगितलं गं हे?"

बाहेर बंदरावर एक बोट घरघरत आत येत होती. चिझुरुच्या तोंडाशी उत्तर तयार होतं, सगळ्यांनी. वर्षानुवर्षं तेच तिथं तयार असायचं. ती टेबलाशी आली, नागीशेजारची खुर्ची ओढून बसली. उभं राहून राहून तिचे पाय ठणकत होते.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

नागी तिच्याकडे बघत राहिली, रागानं, आणि थोडं नवल वाटून. मग तिनं पेन्सिल उचलली, पहिलं गणित वाचलं आणि म्हणाली, "मग आता तूच बस इथं. मला सातचा पाढा येत नाही."